चार बांबू आणि सत्तर वर्षे

१८५६ साली डिट्रिख ब्रँडिस हा बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ पेगूच्या वनांचा अधीक्षक म्हणून ब्रह्मदेशात दाखल झाला. पेगूचा प्रांत इंग्रजांच्या हाती येऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. ब्रँडिसपुढचे काम सांगायला सोपे होते: या डोंगरांत साग किती आहे, आणि दरवर्षी त्यातला किती तोडला तर तो संपणार नाही, हे ठरवायचे. वन अफाट, माणसे थोडी, नकाशे जवळजवळ नाहीत आणि पाऊस असा की कागद हातात टिकू नये. ब्रँडिसने यावर काढलेली तोड वनशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तो हत्तीवर बसून डोंगरांच्या धारेवरून जात असे. त्याच्या डाव्या हातात बांबूचे चार तुकडे असत आणि उजव्या हातात चाकू. सागाच्या झाडांचे त्याने खोडाच्या घेरानुसार चार वर्ग केले होते आणि प्रत्येक वर्गासाठी एक बांबू ठरवला होता. वाटेत दिसलेल्या प्रत्येक सागासाठी तो त्या त्या बांबूवर एक खाच पाडी. संध्याकाळी मुक्कामावर खाचा मोजायच्या, चाललेल्या पट्ट्याची लांबी-रुंदी धरायची आणि त्या प्रमाणावरून सबंध डोंगररांगेतील सागाचा अंदाज बांधायचा.

उष्ण कटिबंधातील वनांविषयी पुढे जी असंख्य गणिते मांडली गेली, आणि आज संगणकावर जी प्रतिमाने चालवली जातात, त्यांचा सांगाडा या चार बांबूंत आहे असे म्हणता येईल. या सांगाड्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी का वाचावा, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. त्याचे एक उत्तर असे की वनाचे प्रतिमान हे भविष्याविषयीचे निवेदन असते. त्याला निवेदक असतो, त्याची गृहीतके असतात, तो काही पात्रे निवडतो आणि काही वगळतो. ब्रिटिश हिंदुस्थानात ज्याला ‘वर्किंग प्लॅन’ म्हणत, त्या दस्तऐवजाचे दोन भाग असत: पहिल्यात वनाची पूर्वपीठिका आणि वस्तुस्थिती, दुसऱ्यात पुढील काही दशकांत काय करायचे याची विधाने. पहिला भाग भूतकाळात लिहिलेला, दुसरा भविष्यकाळात. एकाच लेखणीने या दोन काळांना जोडणारा हा गद्यप्रकार दीड शतक चालत आला आहे. त्याच्या दुसऱ्या भागातील क्रियापदे खरी ठरली की नाही, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

ब्रँडिसच्या मागे जी परंपरा होती ती जर्मन होती. १७१३ साली सॅक्सनीच्या खाणखात्यातील अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने वनसंवर्धनावर एक ग्रंथ लिहिला. चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड लागे आणि भोवतालची राने ओसरत चालली होती. जेवढे वाढते तेवढेच तोडावे, म्हणजे उपयोग अखंड चालू राहील, असा विचार त्याने मांडला. आज ‘शाश्वत’ म्हणून जो शब्द आपण सर्रास वापरतो त्याच्या जर्मन प्रतिशब्दाची वंशावळ या पुस्तकापर्यंत नेली जाते. या शब्दाचा जन्म खाणीच्या हिशेबात झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे हार्टिग आणि कोटा या वनशास्त्रज्ञांनी त्याला गणिती रूप दिले. त्यातून ‘आदर्श वन’ ही कल्पना आली: प्रत्येक वयाच्या झाडांनी सारखे क्षेत्र व्यापलेले, दरवर्षी सर्वांत जुना भाग तोडायचा आणि तेथे नवा लावायचा. शंभर वर्षांत पक्व होणारे झाड असेल तर वनाचे शंभर भाग करायचे. वन हे जणू व्याज देणारे भांडवल झाले. मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगायचे. हे तंत्र युरोपात स्प्रूस आणि पाइनच्या एकजातीय, एकवयीन लागवडींवर उभे राहिले.

हा विचार ब्रह्मदेशात येण्याचे कारण जहाजे होती. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील कारागीर सागाची जहाजे बांधीत. १८१७ साली तेथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून उभी आहे. सागासाठी मलबार आणि कानडा किनाऱ्यावरील राने इतकी तोडली गेली की १८०६ सालीच कॅप्टन वॉटसन याची तेथे वनसंरक्षक म्हणून नेमणूक करावी लागली. व्यापारी आणि जमीनदार यांच्या तक्रारींमुळे ते पद १८२३ साली बंद झाले. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन हा वनसंरक्षक झाला. दरम्यान १८२६ साली तेनासेरिम ताब्यात आले आणि तेथील सागवन खाजगी ठेकेदारांनी काही दशकांत खलास केले. त्यामुळे पेगूचा साग तरी हिशेबाने तोडावा, असा डलहौसीच्या सरकारचा आग्रह होता. ब्रँडिसची नेमणूक या भीतीतून झाली. १८६४ साली तो सबंध हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला आणि १८८३ पर्यंत त्या पदावर राहिला.

ब्रँडिसच्या पद्धतीचे मर्म एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका भागात तोडण्याजोग्या मोठ्या सागांची संख्या २,४०० आहे आणि त्याखालच्या घेराच्या वर्गात ३,००० झाडे आहेत. या दुसऱ्या वर्गातील झाडांना पहिल्या वर्गात पोचायला ३० वर्षे लागतात, आणि त्या अवधीत वणवा, वारा, किडीने त्यांतली ६०० मरतात, असे धरू. म्हणजे ३० वर्षांत २,४०० नवी मोठी झाडे तयार होतील. तेव्हा आज उभी असलेली २,४०० झाडे ३० वर्षांत विभागून तोडली, म्हणजे दरवर्षी ८०, तर ३० वर्षांनंतरचा वनाधिकारी आजच्याइतकीच झाडे मोजील. येथे आदर्श वनाची आखीवरेखीव चौकट नाही. मिश्र वनात विखुरलेला साग आहे तसा स्वीकारून निवडक तोडीचा हिशेब केला आहे. प्रत्यक्ष तोडही याच सबुरीने होई. ओला साग पाण्यावर तरंगत नाही, म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि रसकाष्ठ कापून कडे पाडीत. झाड उभ्या उभ्या वाळू देत. दोन-तीन वर्षांनी ते पाडून हत्तींनी ओढ्यापर्यंत ओढीत आणि पावसाळ्याच्या पुरात सोडीत.

परंतु ब्रँडिसच्या हिशेबात तीन संख्या निरनिराळ्या जातीच्या आहेत. झाडे किती हे मोजता येते. वाढीला किती वर्षे लागतात हे सागाच्या बाबतीत अंदाजता येते, कारण सागाच्या खोडात वर्षाची वलये दिसतात. मरतात किती, आणि तळातून नवी किती येतात, हे मात्र हत्तीवरून दिसत नाही. चौथ्या बांबूवरच्या खाचांखाली, म्हणजे सर्वांत लहान झाडांच्याही खाली, रोपांचे जे जग असते ते हिशेबाच्या बाहेर राहते. सागाखेरीज उरलेले सगळे वनही बाहेर राहते. त्याला बांबू नाही.

आणि माणसेही बाहेर राहतात. ब्रँडिसला याची जाण नव्हती असे नाही. पेगूच्या डोंगरांत कारेन लोक फिरती शेती करीत. त्यांच्याकडून शेताच्या जागी साग लावून घेण्याची ‘तौंग्या’ पद्धत त्याने पुरस्कारली. हिंदुस्थानात गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने राखावीत असेही त्याचे मत होते. पण १८७८चा वनकायदा झाला तेव्हा शासनाच्या निरंकुश मालकीचा बेडन-पॉवेलप्रणीत पक्ष वरचढ ठरला. महाराष्ट्रात याचा अर्थ काय झाला हे जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दिसते. १८८३ साली, ब्रँडिस निवृत्त झाला त्याच वर्षी, फुले लिहीत होते की डोंगर, दऱ्या, पडीत जमिनी आणि गायराने जंगलखात्याच्या घशात गेली आणि शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही. ठाणे-कुलाब्याकडील तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. वर्किंग प्लॅन आणि ‘असूड’ हे एकाच वनाविषयीचे दोन समकालीन मराठी-इंग्रजी दस्तऐवज म्हणून समोरासमोर ठेवून वाचावेत असे आहेत. एकात जे गुरे-सरपणाचे ‘हक्क’ म्हणून परिशिष्टात जाते, ते दुसऱ्याचा मुख्य विषय आहे.

पेगूचे सागवन पातझडीचे आहे. खऱ्या सदाहरित वर्षावनात हा हिशेब नेल्यावर काय होते याची कसोटी मलायात लागली. तेथील सखल प्रदेशातील वने डिप्टरोकार्प कुळातील वृक्षांची. आपल्याकडचा साल आणि अंदमानचा गर्जन याच कुळातले. ‘डिप्टरोकार्प’ म्हणजे दोन पंखांची फळे असलेला. मलायाच्या पासोह येथील ५० हेक्टरांच्या पट्ट्याची १९८०च्या दशकात मोजणी झाली, तेव्हा तेवढ्यात आठशेंहून अधिक जातींचे तीन लाखांवर वृक्ष आणि रोपटी आढळली. अशा वनात चार बांबू पुरत नाहीत. शिवाय ऋतू स्पष्ट नसल्याने बहुतेक झाडांत विश्वसनीय वर्षवलये नसतात. वय कळत नाही. आणि डिप्टरोकार्प दरवर्षी फुलत नाहीत. काही वर्षे सुनी जातात आणि मग एखाद्या वर्षी शेकडो मैलांवरील झाडे, निरनिराळ्या जातींची, एकदम बहरतात. एल निनोशी या बहराचा संबंध असल्याचे १९८०च्या दशकात दाखवले गेले. बहरानंतर जमिनीवर रोपांचा गालिचा होतो. त्यातली बहुतेक सावलीत काही वर्षांत मरतात. म्हणजे या वनाचे भवितव्य कोणत्या वर्षी तोड केली यावर अवलंबून. रोपांच्या आधी केली तर तेथे वेली आणि उपयोगशून्य झुडपे माजतात; रोपांनंतर केली तर तीच रोपे उजेड मिळताच उसळून वर येतात.

दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमलाखाली पुष्कळ वने बेसुमार तोडली गेली. युद्धानंतर वनाधिकारी परतले तेव्हा त्यांना आढळले की जेथे आधीपासून रोपे होती तेथे तोडीनंतर कोवळे वन जोमाने उभे राहिले आहे. या निरीक्षणावर १९४८ साली ‘मलायन युनिफॉर्म सिस्टिम’ उभारली गेली. तोडीपूर्वी जमिनीवर छोट्या चौकोनांत रोपे मोजायची. ती पुरेशी असतील तरच सर्व मोठी झाडे एकदम काढायची. उरलेल्या बिनकिमतीच्या झाडांना कडे पाडून सोडियम आर्सेनाइटचे विष द्यायचे, म्हणजे रोपांना उजेड मिळेल. आणि मग सुमारे ७० वर्षे वाट पाहायची. ब्रँडिसच्या बांबूखाली जे राहून गेले होते ते रोपांचे जग येथे हिशेबाच्या केंद्रस्थानी आले. वर्षावनाच्या जीवशास्त्राचा इतका नेमका उपयोग करून घेणारी तोडपद्धती दुसरी क्वचितच सापडेल. तिची एक बाजू क्रूर होती हेही खरे. ज्यांना विष दिले त्या झाडांतील काही जातींना पुढे बाजारभाव आला. ‘बिनकिमतीचे’ हे विशेषण झाडाचे वर्णन नसून त्या दशकाच्या बाजाराचे वर्णन होते.

ही पद्धती यशस्वी झाली की अयशस्वी, याचे उत्तर १९४८ अधिक ७०, म्हणजे २०१८च्या सुमारास मिळायचे होते. ते मिळाले नाही, कारण परीक्षेची तारीख येण्याआधी परीक्षागृहच नाहीसे झाले. १९५६ साली भूमिहीनांना जमीन देण्यासाठी ‘फेल्डा’ ही संस्था स्थापन झाली, पुढल्या वर्षी मलाया स्वतंत्र झाला, आणि सखल, सुपीक, सपाट वनजमीन रबराच्या आणि मग तेलमाडाच्या मळ्यांकडे वळू लागली. मलेशियाच्या राज्यघटनेनुसार जमीन आणि वने हे घटकराज्यांचे विषय; प्रत्येक राज्याला महसूल आणि वसाहतीसाठी जमीन हवी होती. ज्या रोपांच्या भरवशावर मोठी झाडे तोडली, ती रोपे तरुण झाडे होण्याच्या सुमारास उपटली गेली. भूमिहीन कुटुंबाला शेत मिळणे यात अन्याय नाही. त्या कुटुंबाच्या दृष्टीने ७० वर्षे थांबणारे वन ही चैन असू शकते. पण मग शाश्वत तोडीच्या हिशेबात एक गृहीतक न लिहिता धरले होते हे मान्य करावे लागते: ही जमीन ७० वर्षे वनच राहील. झाडाच्या वाढीचा वेग मोजला होता. शासनाच्या धीराचा वेग मोजला नव्हता.

वनखात्याकडे उरली ती डोंगरउतारांवरील वने. तेथे रोपे विरळ, उतार तीव्र. एकदम तोडीची पद्धत चालेना. म्हणून १९७८ साली ‘सिलेक्टिव्ह मॅनेजमेंट सिस्टिम’ आली. आता रोपांऐवजी मध्यम आकाराची झाडे राखायची आणि ती वाढली की सुमारे ३० वर्षांनी पुन्हा तोड करायची. ७० वर्षांची वाट पाहणे ३० वर

्षांवर आले. कागदावर हे जमत होते, कारण राखलेली झाडे भराभर वाढतील आणि तोडीच्या धुमाकुळातून शाबूत राहतील असे धरले होते. प्रत्यक्षात एक मोठे झाड पडताना वेलींनी बांधलेली शेजारची झाडे घेऊन पडते आणि ओंडके ओढणारी यंत्रे आणखी झाडे मोडतात. कित्येक ठिकाणी वाढही अपेक्षेपेक्षा मंद निघाली. जीवशास्त्राने सांगितलेल्या आकड्यापासून अर्थव्यवस्थेला परवडणाऱ्या आकड्याकडे झालेला हा प्रवास आहे, आणि गणिताची भाषा दोन्हीकडे तीच आहे.

याच काळात गणिताची साधने बदलली. १९६६ साली मायकेल अशर याने वनाचे वर्णन करण्यासाठी एक कोष्टक मांडले. झाडांचे आकारानुसार गट करायचे. ठरावीक अवधीत प्रत्येक गटातील शंभरांपैकी किती झाडे वरच्या गटात जातात, किती तेथेच राहतात, आणि तळाच्या गटात किती नवी येतात, हे आकडे चौकटीत भरायचे. मरण पावलेली आपोआप वजा होतात. मग आजच्या वनाला या कोष्टकाने पुनःपुन्हा गुणले की पाच, पन्नास, पाचशे वर्षांनंतरचे वन कागदावर येते. वन वाढते आहे की घटते आहे, आणि वाढते असल्यास किती काढता येईल, हे त्या कोष्टकातूनच निघते. हे ब्रँडिसचे चार बांबू आहेत. फरक एवढाच की दोन बांबूंमधील वाट आता नीट आखलेली आहे.

या साधनाचा वर्षावनासाठी गंभीर उपयोग ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या वनखात्याने केला. ईशान्य क्वीन्सलँडच्या पर्जन्यवनांत काही दशकांपासून कायमचे पट्टे आखून, झाडांना क्रमांक देऊन, ठरावीक काळाने त्यांचा घेर मोजला जात होता. वलये नसलेल्या झाडाची वाढ कळण्याचा हाच भरवशाचा मार्ग आहे: तेच झाड, त्याच उंचीवर, पुन्हा मोजणे. जेरोम व्हॅन्क्ले याने या नोंदींवरून व्यापारी जातींचे वाढीनुसार गट पाडून प्रतिमान तयार केले. मिश्र उष्णकटिबंधीय वनांच्या प्रतिमानांवरील त्याचे १९९४चे पुस्तक या विषयातील प्रमाणग्रंथ मानले जाते. निवडक तोड, आधी खुणा केलेली झाडे आणि कमी केलेला वार्षिक कोटा यांच्या आधारे तोड टिकाऊ राहील असे खात्याचे म्हणणे होते. पण १९८८ साली ही वने जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि तेथील तोड थांबली. क्वीन्सलँडच्या राज्य सरकारने विरोध केला. तो न्यायालयात टिकला नाही.

मलायात प्रतिमानाला शेतीने हरवले आणि क्वीन्सलँडमध्ये संरक्षणाने. दोन्हीकडे प्रतिमान चूक ठरले नाही. दोन्हीकडे ते अप्रस्तुत ठरले. ‘किती तोडावे’ या प्रश्नाचे उत्तम उत्तर तयार होत असताना समाज ‘तोडावे का’ आणि ‘हे वन कोणासाठी’ हे प्रश्न विचारू लागला होता. १९८९ साली डंकन पूर आणि सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटनेसाठी केलेल्या पाहणीत दिसले की सभासद देशांतील सुमारे ८२.८ कोटी हेक्टर उत्पादक वनांपैकी दहा लाख हेक्टरांहूनही कमी क्षेत्रावर खऱ्या अर्थाने टिकाऊ व्यवस्थापन चालू होते. शास्त्र पुष्कळ पुढे गेले होते. ते जमिनीवर उतरले होते हजारातल्या एखाद्या भागावर.

तथापि प्रतिमाने चुकतच नाहीत असे नाही, आणि त्याचे बोलके उदाहरण आपल्या शेजारचे आहे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व राज्यात होता. तेथे दांडेलीला १९५०च्या दशकाच्या अखेरीस कागद गिरणी निघाली. आसपासच्या रानांतून दरवर्षी सुमारे दीड लाख टन बांबू कायम मिळत राहील, या अंदाजावर तिला कच्चा माल नाममात्र दराने देण्याचा करार झाला होता. १९७०च्या दशकात बांबू ओसरू लागला तेव्हा माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी अभ्यासाला गेले. प्रत्यक्ष उत्पादन चाळीस हजार टनांच्या आसपासच असल्याचे दिसून आले. घट का झाली याविषयी वनखात्याचे बोट गावकऱ्यांच्या गुरांकडे होते. गावकरी वेगळेच सांगत होते: बांबू सहज काढता यावा म्हणून बेटांच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे साफ केले जाते, काट्यांच्या आडोशाने वाढणारे कोंब उघडे पडतात आणि गुरे, वानरे, साळिंदरे ते खाऊन टाकतात. खात्याचे शास्त्र सांगत होते की साफसफाईने बेट मोकळे होते आणि वाढ सुधारते. मोजणीअंती गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले.

या प्रसंगात दोन चुका आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली आकड्याची: न मोजता, गिरणीच्या गरजेकडे पाहून ठरवलेला साठा. दुसरी ज्ञानाची: नव्या कोंबांना कोण वाचवते हे ज्यांना ठाऊक होते त्यांना कोणी विचारले नाही. ब्रँडिसच्या चौथ्या बांबूखाली जे अदृश्य राहिले, मलायाच्या पद्धतीने ज्याला मध्यभागी आणले, ते कोंबांचे आणि रोपांचे जग कानड्यात गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते. फुल्यांनी ज्या गुराख्यांची बाजू मांडली त्यांच्याचकडे प्रतिमानाला हवा असलेला आकडा होता.

अलीकडच्या संशोधनाने एक गोष्ट बऱ्याच अंशी निश्चित केली आहे. अस्पर्श वर्षावनातील पहिली तोड ही शतकांच्या साठवणीची असते. तेवढे लाकूड दुसऱ्या फेरीत येत नाही. फ्रान्सिस पुट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली शंभरांहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार पहिल्या तोडीनंतर लाकडाचे उत्पादन सुमारे ४६ टक्क्यांनी घटते आणि त्यानंतर त्या पातळीला टिकू शकते. याच आढाव्याचा दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे: एकदा निवडक तोड झालेल्या वनात बहुतेक प्राणी-वनस्पती टिकून असतात. तोडलेले वन म्हणजे संपलेले वन, असे समजून त्याचे मळ्यात रूपांतर करणे ही मोठी हानी आहे. म्हणजे कार्लोवित्सचे ‘मुद्दल’ आणि ‘व्याज’ येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पहिल्या फेरीत आपण व्याज म्हणून जे उचलतो त्यात मोठा वाटा मुद्दलाचा असतो. हे आधीच कबूल करून हिशेब मांडला तर कमी लाकडावर, लांब मुदतीवर, पण वन राखून जगता येते. कबूल न करता मांडला तर तिसाव्या वर्षी तूट दिसते, आणि तूट दिसली की जमीन दुसऱ्या कामाला लावण्याचा मोह होतो.

पेगूचे पुढे काय झाले? ब्रँडिसची निवडक तोडीची पद्धत ब्रह्मदेशात शंभरहून अधिक वर्षे नावापुरती तरी चालू राहिली. स्वातंत्र्यानंतरच्या लष्करी राजवटींनी परकीय चलनासाठी ठरलेल्या मर्यादेपलीकडे तोड केली. २०१४ साली म्यानमारने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. २०१६ साली देशभर एक वर्षाची तोडबंदी झाली, आणि पेगूच्या डोंगररांगेत, म्हणजे आजच्या बागो योमात, ती दहा वर्षांसाठी जाहीर झाली. ज्या धारांवरून हत्तीवर बसून वनगणिताचा आरंभ झाला, त्याच धारांवर एकशेसाठ वर्षांनी वार्षिक तोडीचा आकडा शून्य लिहावा लागला.

यावरून वने मोजण्याचा उद्योगच फोल आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि ते चुकीचे होईल. दांडेलीत गावकऱ्यांची बाजू सिद्ध झाली तीही मोजणीनेच. मोजणी नसते तेथे गिरणीला हवा तो आकडा खरा ठरतो. मोजणाराने काय मोजले नाही, कोणाला विचारले नाही आणि किती वर्षांचे वचन कोणाच्या वतीने दिले, हे प्रत्येक प्रतिमानाला विचारणे आवश्यक आहे. मजकुरातील मौने वाचण्याची सवय साहित्याच्या विद्यार्थ्याला असते. वर्किंग प्लॅन, तोडचक्राची कोष्टके, वन आयोगांचे अहवाल हे त्या सवयीची वाट पाहत पडून असलेले गद्य आहे. त्यातील भविष्यकाळी क्रियापदांची मुदत आता बहुतेक ठिकाणी संपली आहे. ती तपासून पाहता येतात, आणि तपासली जावीत.